हाक देणारा ढोल : कुंबियाचा जगप्रवास

दक्षिण अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या कोलंबिया या देशातून मॅग्दालेना ही नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे सुमारे १,५०० किलोमीटर वाहत जाते आणि बारान्कीया शहराजवळ कॅरिबियन समुद्राला मिळते. या नदीच्या अखेरच्या टप्प्यात, मासेमारी, गुरेपालन आणि शेती यांवर जगणाऱ्या गावांमध्ये जे लोकनृत्य घडले, त्याला आणि त्याच्या साथीच्या संगीतालाही 'कुंबिया' असे म्हणतात. एकेकाळी नदीकाठच्या मोकळ्या जागेत मेणबत्त्यांच्या उजेडात रंगणारी ही कुंबिया आज मेक्सिकोच्या कामगार वस्त्यांत, पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यातील गावांत, ब्यूनोस आयर्सच्या झोपडपट्ट्यांत, टेक्सासमधील लग्नसमारंभांत आणि टोकियोतील मैफलींतही ऐकू येते. स्पॅनिश भाषक अमेरिकेत इतके सर्वदूर पोहोचलेले आणि तरीही प्रत्येक ठिकाणी तेथलेच वाटणारे दुसरे लोकनृत्यसंगीत क्वचितच सापडेल.

हा प्रसार समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यामागे कोणतेही साम्राज्य नव्हते आणि कोणत्याही सरकारची योजनाही नव्हती. अर्जेंटिनाच्या टँगोला विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या उच्चभ्रू समाजाने उचलून धरले आणि ब्राझीलच्या सांबाला तेथील शासनाने राष्ट्रीय ओळख म्हणून पुढे आणले. कुंबियाच्या वाट्याला असा राजाश्रय आरंभी आला नाही. तिला देशोदेशी नेले ते तबकड्या विकणाऱ्या छोट्या कंपन्यांनी, शहरात पोट भरायला आलेल्या मजुरांनी आणि गल्लीबोळांत ध्वनिक्षेपक लावून नाच रंगवणाऱ्या हौशी माणसांनी. या प्रवासात कुंबियाने आपली मूळ वाद्ये, आपला पोशाख आणि पुष्कळदा आपल्या जन्मभूमीचे नावही मागे सोडले; टिकून राहिला तो एक साधा ठेका. लोकसंगीताला दूरवर जाण्यासाठी काय टाकावे लागते, काय जपावे लागते आणि या देवघेवीत कोणाचे ऋण फेडायचे राहून जाते, हे कुंबियाच्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

तीन परंपरांची घडण

स्पॅनिश लोकांनी १५३३ साली वसवलेले कार्ताहेना हे बंदर पुढील काळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून आणलेल्या माणसांच्या व्यापाराचे दक्षिण अमेरिकेतील एक मुख्य केंद्र बनले. या माणसांपैकी काही जण निसटून रानात शिरले आणि त्यांनी 'पालेन्के' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संरक्षित वस्त्या उभारल्या. सान बासिलिओ दे पालेन्के ही अशीच एक वस्ती आजही आपली भाषा आणि ढोलवादनाची परंपरा राखून आहे. किनाऱ्यामागच्या डोंगराळ भागात मूळचे आदिवासी समाज राहत होते आणि लांब पावे व खुळखुळे ही त्यांची वाद्ये होती. कुंबियातील ढोल आफ्रिकी, पावे आदिवासी आणि गीतांची भाषा व पोशाख स्पॅनिश, असे तिचे वर्णन सामान्यतः केले जाते. हे वर्णन ढोबळमानाने खरे असले, तरी हा संगम बरोबरीच्या नात्याने झालेला नव्हता, हे ध्यानात ठेवावे लागते. मालक आणि गुलाम, विजेते आणि जित एकाच भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यामुळे जे मिश्रण झाले, त्याचे हे संगीत आहे.

या परंपरेतील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण वाद्य म्हणजे 'गाइता' हा लांब पावा. निवडुंगाच्या जातीच्या एका वनस्पतीचे खोड आतून पोखरून त्याची नळी करतात, तिच्या वरच्या टोकाला मधमाश्यांचे मेण आणि कोळशाची पूड मळून केलेले डोके बसवतात आणि फुंकण्यासाठी त्यात पक्ष्याच्या पिसाची पोकळ दांडी खोचतात. गाइता नेहमी जोडीने वाजते. पाच छिद्रांची 'मादी' गाइता चाल वाजवते. 'नर' गाइतेला छिद्रे कमी असल्याने ती मोजक्या सुरांचा आधार देते आणि तिचा वादक मोकळ्या हातात खुळखुळा धरून लय सांभाळतो. काही गावांत गाइतेऐवजी 'कान्या दे मियो' नावाचा आडवा धरायचा छोटा पावा वापरला जातो.

साथीला तीन ढोल असतात. 'ताम्बोरा' हा दुतोंडी ढोल काठ्यांनी वाजवतात आणि त्याच्या लाकडी कडेवरही आघात करतात. 'आलेग्रे', म्हणजे आनंदी, या नावाच्या ढोलावर वादक आपले कौशल्य दाखवतो, नर्तकांच्या हालचालींना उत्तर देतो आणि ऐनवेळी सुचलेले बोल वाजवतो. तिसरा ढोल सर्वांत लहान आणि वाजवायला सर्वांत सोपा. त्याचे नाव 'यामादोर', म्हणजे हाक देणारा. त्याच्यावर आरंभापासून शेवटपर्यंत एकच थाप एकाच जागी पडत राहते आणि बाकी सर्व वादक तिच्या आधाराने चालतात.

नृत्याची मांडणीही या वादनाशी जुळलेली आहे. वादक मधोमध बसतात आणि जोड्या त्यांच्याभोवती वर्तुळात फिरतात. घेरदार घागरा नेसलेली स्त्री एका हातात पेटत्या मेणबत्त्यांचा जुडगा धरून, तळवे जमिनीवरून फारसे न उचलता, छोटी पावले घसटत पुढे सरकते; पांढऱ्या कपड्यांतला आणि गळ्यात लाल रुमाल बांधलेला पुरुष हातातील टोपी हलवत तिच्याभोवती फिरतो, पण तिला स्पर्श करत नाही. पुरुषाने फार जवळ येऊ नये यासाठी मेणबत्तीच्या ज्योतीचा उपयोग होतो, आणि हे अंतर राखण्यातच या नृत्यातील प्रणयाची गोडी आहे.

ठेक्यातील रहस्य

कुंबियाचा ठेका मराठी वाचकाला छंदःशास्त्राच्या भाषेत सहज समजू शकेल. खाचा पाडलेल्या नळीवर काटा घासून वाजवायचे 'ग्वाचाराका' हे वाद्य, किंवा त्याच्या जागी खुळखुळा, एक दीर्घ आणि दोन ऱ्हस्व असा नाद सतत काढत राहतो. वृत्तांच्या परिभाषेत हा 'भ' गण होय, म्हणजे एक गुरू आणि त्यामागून दोन लघू. आणि गुरूच्या दोन व लघूची एक अशा मात्रा धरल्या, तर कालमापनही तंतोतंत जुळते. यामादोरची थाप गुरूवर पडत नाही. जेथे लघूंची जोडी सुरू होते, तेथे ती पडते. पाऊल समेवर आणि ढोल दोन समांच्या मधोमध, अशा रचनेमुळे शरीराला जो हलका झोका मिळतो, तोच कुंबियाचा प्राण आहे. पुढे वाद्यवृंदांत खर्जाची वाद्ये आली, तेव्हा त्यांनीही बहुतेकदा हाच गण दुप्पट संथ गतीने वाजवायला सुरुवात केली. त्यामुळे एकच आकृती दोन वेगवेगळ्या गतींत एकमेकींवर बेतलेली ऐकू येते.

या रचनेचे दोन गुण तिच्या प्रसाराला कारणीभूत ठरले. पहिला म्हणजे ती लवकर शिकता येते. क्यूबातील अनेक नृत्यप्रकारांत ठेक्याचा सांगाडा दोन आवर्तनांमध्ये विभागलेला असतो आणि तो अंगी मुरल्याशिवाय वादकाला साथ करता येत नाही. कुंबियाचा सांगाडा मात्र एका आवर्तनात पूर्ण होतो आणि नवख्या माणसालाही काही मिनिटांत पकडता येतो. दुसरा गुण असा की या ठेक्यावर कोणत्याही प्रदेशाची चाल बसवता येते. तो चालीकडून विशिष्ट स्वर, विशिष्ट भाषा किंवा विशिष्ट वाद्य मागत नाही.

नदीकाठाहून शहराच्या क्लबात

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोलंबियाची सत्ता आणि संपत्ती अँडीज पर्वतरांगांतील बोगोता व मेदेयिन या थंड हवेच्या शहरांत एकवटलेली होती, आणि तेथील प्रतिष्ठित समाज किनाऱ्यावरच्या कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय लोकांचे संगीत असंस्कृत मानत असे. हा अडसर दूर करण्यात एल कार्मेन दे बोलिवार या किनारी भागातील गावी १९१२ साली जन्मलेले लुचो बेर्मुदेस यांचा वाटा मोठा होता. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या या संगीतकाराने गाइतेच्या चाली क्लॅरिनेटला दिल्या, ढोलांच्या मागे सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट उभे केले आणि त्या काळच्या अमेरिकी नृत्यवृंदांच्या धर्तीवर सूटबूट घातलेल्या वादकांचा मोठा संच तयार केला. मातील्दे दियास या गायिकेच्या आवाजातील त्यांची गाणी बोगोताच्या क्लबांत रुजली, आणि १९४६ साली त्यांनी ब्यूनोस आयर्सला जाऊन तेथेही ध्वनिमुद्रणे केली. पाचो गालान यांच्या वाद्यवृंदानेही याच वाटेने मोठी लोकप्रियता मिळवली.

हा बदल दुहेरी स्वरूपाचा होता. किनाऱ्याच्या संगीताला राष्ट्रीय मान्यता मिळाली, परंतु ती मिळवताना हाताने वाजवायचे ढोल मागे सरकले, रंगमंचावरचे चेहरे पुष्कळदा अधिक उजळ झाले आणि नर्तकांचे वर्तुळ मोडून त्याजागी क्लबातील जोडीनृत्य आले. त्याच सुमारास मूळ रूपाचीही जाणीवपूर्वक ओळख करून देणारी माणसे पुढे आली. देलिया सापाता ओलिवेया या कृष्णवर्णीय नृत्यांगनेने आणि त्यांचे लेखक बंधू मानुएल यांनी १९५०च्या दशकात गावोगावच्या गाइतावादकांना आणि ढोलवादकांना बरोबर घेऊन युरोप, सोव्हिएत संघ आणि चीन येथे कार्यक्रम केले. क्लबातील सजवलेली कुंबिया आणि गावातील मूळ कुंबिया या दोन्ही धारा तेव्हापासून समांतर वाहत आहेत.

तबकडीचे पंख

खऱ्या अर्थाने कुंबियाला सीमेपलीकडे नेले ते तबकडीने. आन्तोनियो फ्वेन्तेस यांनी १९३४ साली कार्ताहेनामध्ये 'दिस्कोस फ्वेन्तेस' ही ध्वनिमुद्रण कंपनी स्थापन केली आणि १९५०च्या दशकात ती मेदेयिन या उद्योगनगरीत हलवली. विदेशी कंपन्यांना ज्या संगीतात रस नव्हता, ते किनाऱ्याचे संगीत या कंपनीने सातत्याने ध्वनिमुद्रित केले. ॲकॉर्डियन, पितळी वाद्ये आणि ढोल यांचा उत्साही मेळ साधणारा 'लोस कोर्रालेरोस दे माहाग्वाल' हा संच आणि १९६०च्या सुमारास उभा राहिलेली 'ला सोनोरा दिनामिता' यांच्या तबकड्या कोलंबियाबाहेरही मोठ्या प्रमाणात विकल्या गेल्या.

मेदेयिनमध्ये कुंबियाचे आणखी एक रूपांतर झाले. तेथील तरुणांच्या संचांनी विजेवर चालणारी गिटार आणि ऑर्गन घेतले, वादकांची संख्या कमी केली आणि ढोलांची परस्परांत गुंतलेली बोलभाषा गाळून घासवाद्याच्या त्या एक दीर्घ-दोन ऱ्हस्व नादावर सारा भर दिला. या नादावरूनच जाणकारांनी तिला हेटाळणीने 'चुकु-चुकु' असे नाव दिले. किनाऱ्यावरच्या वादकांची तक्रार खोटी नव्हती, कारण आलेग्रेच्या वादनातील समृद्धी या रूपात उरली नव्हती. परंतु पुढच्या घटनांकडे पाहिले, तर हेच साधे रूप सर्वांत दूर गेले असे दिसते. चार-पाच वादक, एक ध्वनिवर्धक आणि सहज शिकता येणारा ठेका एवढ्या सामग्रीवर लीमा, मेक्सिको सिटी किंवा सान्तियागो येथील गरीब वस्तीतही कुंबियाचा संच उभा राहू शकत होता.

मेक्सिको : गल्लीतील नाच आणि संथ झालेली कॅसेट

मेक्सिकोत कुंबियाचे बीज १९४०च्या दशकात तेथे स्थायिक झालेले कोलंबियन गायक लुइस कार्लोस मेयेर यांच्यासारख्यांनी पेरले, आणि १९६०च्या दशकात माइक लाउरे यांच्या संचाने रॉक संगीतातील वाद्यांवर कुंबिया वाजवून ती तरुणांपर्यंत पोहोचवली. तिला तळागाळात रुजवणारी संस्था मात्र 'सोनिदेरो' ही होय. सोनिदेरो म्हणजे स्वतःचे मोठे ध्वनिक्षेपक, तबकड्यांचा संग्रह आणि दिव्यांची रोषणाई घेऊन वस्तीतल्या रस्त्यावर नाच भरवणारा माणूस. ज्यांना क्लबाचे तिकीट परवडत नाही, त्यांच्यासाठी रस्ताच नृत्यगृह होतो. गाणे सुरू असताना सोनिदेरो नाचणाऱ्यांनी चिठ्ठ्यांवर लिहून दिलेले निरोप आणि नमस्कार ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवतो. अमेरिकेत मजुरीला गेलेल्या भावाचे किंवा मुलाचे नाव घेतलेल्या अशा कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण कॅसेटवरून सीमेपलीकडे जाऊ लागले, तेव्हा कुंबिया ही ताटातूट झालेल्या कुटुंबांची टपालव्यवस्थाच बनली.

उत्तरेकडील मोन्तेरेइ या औद्योगिक शहरात याहून विलक्षण गोष्ट घडली. तेथील डोंगरउतारावरच्या कामगार वस्त्यांनी कोलंबियाच्या ॲकॉर्डियनप्रधान कुंबियावर इतके प्रेम केले की कधीही न पाहिलेल्या त्या देशाच्या नावाने तेथील तरुण स्वतःची ओळख सांगू लागले. तेथील एका सोनिदेरोच्या कार्यक्रमात तासन्‌तास चाललेल्या यंत्राची मोटर तापून गाणे संथ आणि खर्जात वाजू लागले, आणि लोकांना ते इतके आवडले की पुढे मुद्दाम गती कमी केलेल्या कॅसेट निघू लागल्या, असे सांगितले जाते. या प्रकाराला 'रेबाहादा', म्हणजे उतरवलेली कुंबिया, असे नाव पडले. फेर्नान्दो फ्रीआस यांच्या २०१९ सालच्या 'या नो एस्तोइ आकी' या चित्रपटाने या तरुणांचे जग जगापुढे आणले. याच वस्त्यांतून आलेले सेल्सो पीन्या हे ॲकॉर्डियनवादक २००१ सालच्या 'बार्रिओ ब्रावो' या संग्रहात कुंबियाला रॅप आणि जमैकाच्या रेगे संगीताशी जोडून देशभर गाजले. मेक्सिको सिटीच्या इस्तापालापा या श्रमिक भागातील 'लोस आन्हेलेस आसुलेस' हा कौटुंबिक संच २०१८ साली कॅलिफोर्नियातील कोचेला महोत्सवाच्या रंगमंचावर पोहोचला.

पेरू : पर्वत, जंगल आणि गिटार

पेरूमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अँडीजच्या डोंगरगावांतून लाखो माणसे राजधानी लीमा येथे आली आणि शहराच्या कडेच्या उजाड टेकड्यांवर घरे बांधून राहू लागली. त्यांच्याजवळ 'वाइनो' हे डोंगरातील गीतप्रकाराचे धन होते. वाइनोच्या चाली बहुधा पाच स्वरांच्या असतात आणि त्यांची स्वरपंक्ती पुष्कळदा हिंदुस्थानी संगीतातील धानी रागाशी जुळते. शहरात वाढलेल्या पुढच्या पिढीला वाइनो गावंढळ वाटू लागला होता, पण परके संगीतही आपले वाटत नव्हते. एन्रिके देल्गादो यांच्या 'लोस देस्तेयोस' या संचाने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात या पेचातून वाट काढली. त्यांनी कुंबियाचा ठेका घेतला, ॲकॉर्डियनची जागा विजेच्या गिटारला दिली आणि तिच्यावर डोंगरातील सुरावटींची छाया उतरवली. ॲमेझॉन खोऱ्यात, पुकाल्पा या गावी, 'हुआनेको इ सु कोम्बो' या संचाने जंगलातील आदिवासींच्या कथा आणि पोशाख आपल्या कुंबियात आणले. १९७७ साली विमान अपघातात या संचातील अनेक वादक मरण पावले, तरी उरलेल्यांनी संच पुन्हा उभा केला.

या संगीताला पुढे 'चिचा' असे नाव पडले. चिचा हे मक्यापासून केले जाणारे अँडीजमधील पेय आहे, आणि शहरी प्रतिष्ठितांच्या तोंडी तो शब्द हलके, गावठी या अर्थाने येत असे. १९८०च्या दशकात 'लोस शापिस' या संचाने वाइनोच्या चालीवर बेतलेल्या 'एल आग्वाहाल' या गाण्याने देश गाजवला, आणि चाकालोन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गायकाने मोलमजुरी, घरापासूनचे तुटलेपण आणि रोजचा संघर्ष यांना आवाज दिला. डोंगरातून आलेल्या माणसांना शहरात आपले स्थान सांगण्यासाठी जी भाषा हवी होती, ती त्यांना कोलंबियाच्या किनाऱ्यावरील ठेक्यात सापडली.

अर्जेंटिना : वस्तीचे बोल

ब्यूनोस आयर्स हे टँगोचे शहर असले, तरी तेथे १९५०च्या दशकापासून कुंबियाही ऐकू येऊ लागली. लॅटिन अमेरिकेच्या निरनिराळ्या देशांतून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांनी स्थापलेला 'लोस वावान्को' आणि कोलंबियाहून आलेला 'कुआर्तेतो इम्पेरियाल' हे संच त्यात अग्रभागी होते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस देशातील बेकारी वाढत गेली, तेव्हा राजधानीभोवतीच्या झोपडपट्ट्यांत 'कुंबिया वियेरा' हा नवा प्रकार जन्माला आला. झोपडपट्टीला तेथे 'विया' म्हणतात. म्हणून वियेरा म्हणजे वस्तीची कुंबिया. पाब्लो लेस्कानो आणि त्यांचा 'दामास ग्रातिस' हा संच यांनी गळ्यात अडकवायचा कीबोर्ड आणि संगणकीय नाद यांच्या साथीवर पोलिसांचा जाच, अमली पदार्थ आणि गुन्हेगारी यांविषयी वस्तीच्या बोलीत गाणी रचली.

या गाण्यांतील स्त्रियांविषयीची भाषा पुष्कळदा आक्षेपार्ह होती, आणि त्यावरची टीका रास्तच होती. तथापि २००१ साली, देश आर्थिक अरिष्टाच्या उंबरठ्यावर असताना, प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या शासकीय यंत्रणेने एकट्या या संगीतप्रकारासाठी स्वतंत्र निकष जाहीर केले, ही गोष्ट त्या समाजाला आपल्याच गरिबीचा आवाज किती अस्वस्थ करत होता हे दाखवते. काही वर्षांतच त्याच शहरातील क्लबांत संगणकावर रचलेली कुंबिया वाजू लागली आणि मध्यमवर्गीय तरुण तिच्यावर नाचू लागले. बोगोता, लीमा आणि ब्यूनोस आयर्स या तिन्ही शहरांत क्रम सारखाच दिसतो : आधी तुच्छता, मग सवय आणि शेवटी अभिमान.

दूरच्या देशांत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मेक्सिकन वंशाच्या लोकांबरोबर कुंबिया पोहोचली आणि टेक्सासमधील त्यांच्या संगीतात मिसळली. सेलेना या गायिकेने १९९४ सालच्या 'आमोर प्रोहिबिदो' या संग्रहात कुंबियाला पॉप संगीताचे झळाळते रूप दिले. पुढच्याच वर्षी, अवघ्या तेविसाव्या वर्षी तिची हत्या झाली, पण इंग्रजी वातावरणात वाढलेल्या एका पिढीला आजीआजोबांच्या भाषेकडे परत नेण्याचे काम तिची गाणी आजही करतात. पेरूच्या चिचाला जगात श्रोते मिळाले ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातून. तेथे स्थायिक झालेले फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए कोनाँ यांनी २००७ साली जुन्या चिचा गाण्यांचा एक संग्रह प्रसिद्ध केला, आणि ज्या संगीताला पेरूतील अभिजन नाक मुरडत होते, त्याचे कौतुक परदेशातून होऊन मायदेशी परतले.

या प्रवासातील सर्वांत बोलका मुक्काम जपानमध्ये आहे. 'मिन्यो' हे जपानमधील कोळी, खाणकामगार आणि शेतकरी यांचे पारंपरिक लोकगीत काळाच्या ओघात शिक्षकांच्या आणि स्पर्धांच्या चौकटीत बंदिस्त होत गेले आणि तरुणांपासून दुरावले. टोकियोतील 'मिन्यो क्रूसेडर्स' या संचाने या गीतांना लॅटिन अमेरिकी ठेके जोडले. २०१७ साली आलेल्या त्यांच्या संग्रहात 'कुशिमोतो बुशी' हे जुने लोकगीत कुंबियाच्या ठेक्यावर गायलेले आहे. पुढे बोगोतातील 'फ्रेन्ते कुंबिएरो' या संचाबरोबर त्यांनी ध्वनिमुद्रणही केले. एका प्रदेशाच्या लोकसंगीताने दुसऱ्या प्रदेशाच्या लोकसंगीताला पुन्हा नाचते केले, आणि त्यात जपानी गाण्याची भाषा, सूर किंवा भाव यांपैकी काहीही पुसले गेले नाही.

उगमाचे ऋण

ज्या सहजतेने कुंबिया इतरांची होऊ शकली, त्याच सहजतेने तिच्या मूळ वारसदारांचा विसरही पडू शकतो. नदीकाठच्या कलावंतांच्या घराण्यात जन्मलेल्या तोतो ला मोम्पोसिना या गायिकेने १९८२ साली, कोलंबियन लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा, स्टॉकहोममध्ये आपल्या प्रदेशाचे ढोल आणि गाणी सादर केली. १९९३ सालच्या 'ला कान्देला वीवा' या त्यांच्या संग्रहाने हे संगीत जगभर पोहोचवले. परंतु २००३ साली टिम्बालँड या अमेरिकी निर्मात्याने त्यांच्या ध्वनिमुद्रणातील एक तुकडा घेऊन जे गाणे केले, त्याचे नाव 'इंडियन फ्लूट' असे ठेवले गेले आणि त्यात हिंदी ओळीही आल्या. त्या गाण्यावर नाचणाऱ्या असंख्य लोकांना, आपण ऐकतो ते मॅग्दालेनाकाठच्या गावांतले आहे, हे त्या नावावरून कळणे शक्य नव्हते.

त्याच काळात त्या गावांवर काय ओढवले होते, हे जाणून घेतले म्हणजे या विस्मरणाची खोली कळते. मोन्तेस दे मारीआ या डोंगराळ भागात, जेथे गाइतावादनाची परंपरा सर्वांत जोमदार आहे, कोलंबियातील सशस्त्र संघर्षाने हजारो कुटुंबे देशोधडीला लावली. एल सालादो या गावात आणि आसपास फेब्रुवारी २००० मध्ये निमलष्करी टोळ्यांनी किमान साठ माणसांची हत्या केली, आणि ती करत असताना गावाच्या सांस्कृतिक केंद्रातील ढोल आणि गाइता बाहेर काढून वाजवल्या, अशी नोंद पुढे झालेल्या अधिकृत चौकशीत आहे. ज्या ढोलांनी नाचायला बोलवायचे, त्यांची अशी विटंबना व्हावी, याहून मोठी जखम लोकसंगीताला होऊ शकत नाही. तरीही काही कुटुंबे गावी परतली. त्याच डोंगरातील सान हासिन्तो गावाच्या 'लोस गाइतेरोस दे सान हासिन्तो' या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या संचाला २००७ साली लोकसंगीतासाठीचा लॅटिन ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तेव्हा सूट न चढवलेली आणि विजेच्या वाद्यांचा आधार न घेतलेली कुंबियाही जगाने ऐकली.

कुंबियाच्या इतिहासातून लोकसंगीताच्या प्रसाराविषयी दोन निष्कर्ष काढता येतात, आणि ते एकमेकांना पूरक आहेत. पहिला असा की लोकसंगीत शुद्ध रूपातच जपले पाहिजे हा आग्रह धरला असता, तर लीमाच्या टेकड्यांवरील आणि मोन्तेरेइच्या उतारावरील माणसांना आपले दुःख व आनंद मांडण्यासाठी हा ठेका कधी मिळालाच नसता. ज्याने जे घेतले, त्याने त्यात स्वतःचे काही ओतले, म्हणूनच ते टिकले. दुसरा असा की रूपांतराचे स्वातंत्र्य सर्वांना असले, तरी उगमाचे नाव घेण्याचे कर्तव्य त्यातून सुटत नाही. गाइतेचे मेण मळणारे हात, ढोल मढवणारे कारागीर आणि त्यांची गावे जगली, तरच पुढच्या रूपांतरांना आधार उरेल.

तीन ढोलांपैकी सर्वांत लहान असलेल्या यामादोरवर कोणी कौशल्य दाखवत नाही आणि त्याच्या वादकाचे नावही सहसा कोणाला ठाऊक नसते. मेणबत्त्या विझल्या, घागरे बदलले, गाइतेच्या जागी क्लॅरिनेट, ॲकॉर्डियन, गिटार आणि संगणक आले. यामादोरही पुष्कळ ठिकाणी दिसेनासा झाला, पण त्याची ती दोन पावलांच्या मधली थाप प्रत्येक देशाने कोणत्या ना कोणत्या वाद्यावर जपून ठेवली. हाक देणे एवढेच त्याचे काम होते. ती हाक ऐकून मेक्सिकोपासून जपानपर्यंतच्या माणसांनी आपापल्या भाषेत ओ दिली. हाक कोणी दिली, हे ओ देणाऱ्यांनी विसरू नये.